तीन वेळा हो

९ जानेवारी

प्रिय आत्या,

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. फोनवर तू बोलतेस आणि मी नुसतं "हं, हं" करते, ते तुला आवडत नाही हे मला माहीत आहे. कागदावर मला वेळ मिळतो. उजव्या हाताला शब्दकोश, डाव्या हाताला खोडरबर. दोन वर्षं मी दर शनिवारी मराठीच्या वर्गाला जाते. वाचता बऱ्यापैकी येतं. बोलायला गेलं की पुन्हा "हं".

बातमी अशी आहे की मी एक पुस्तक करते आहे. चित्रकथेचं, चौकटी आणि बोलण्याचे फुगे असलेलं. एकतीस वर्षांची झाले, आजवर दुसऱ्यांच्या गोष्टींना चित्रं काढली. ही माझी आहे. घरात जी भाषा कानावर पडली आणि कधीच माझी झाली नाही, तिच्याशी चाललेल्या माझ्या झटापटीची. संपादिकाबाईंना कल्पना आवडली. जूनअखेर सगळी पानं द्यायची आहेत.

मधलं प्रकरण आजीच्या खोलीतलं आहे. मी नऊ वर्षांची होते. आजीचं कंबरेचं हाड मोडलं होतं म्हणून आम्ही आठ दिवसांसाठी तुमच्याकडे आलो होतो. एका दुपारी सगळे कुठे कुठे गेले आणि मी तिच्या खाटेजवळ स्टुलावर बसले होते. ती माझ्याशी बोलली. मला काही कळलं नाही. मी "हो" म्हणाले. मग आम्ही इकडे परदेशात परत आलो आणि तीन महिन्यांनी ती गेली.

आत्या, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मी कशाला हो म्हणाले ते मला माहीत नाही. तिने काही मागितलं असेल. मी कबूल केलं असेल. बावीस वर्षं मला वाटतं की कोणीतरी माझी वाट बघत थांबलं आहे आणि मला पत्ता माहीत नाही.

त्या प्रकरणाची अकरा पानं पाठवते आहे. नीट बघ. काही चुकलं असेल तर सांग.

तुझी भाची


२४ जानेवारी

प्रिय रेघोटी,

हे नाव मी ठेवलं, आठवतं का? चार वर्षांची असताना तू माझ्या तपासलेल्या मुद्रितांवर पेन्सिलीने रेघोट्या मारल्या होत्यास आणि छापखान्याच्या फोरमनने विचारलं होतं, "बाई, हे कोणतं नवीन चिन्ह?" आज त्याच रेघोट्यांचं पुस्तक होतंय. माझी छाती दोन इंच वाढली.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. सवयीने लाल पेन हातात होतं, त्यामुळे ते सोबत परत पाठवते आहे. अकरा चुका. रागावू नकोस, मंत्र्यांच्या भाषणात मी याहून जास्त काढल्या आहेत.

आता मुद्द्याचं. मराठी तुझी कधीच झाली नाही असं कोणी सांगितलं तुला? कोणत्या कचेरीत याचा दाखला मिळतो? भाषा म्हणजे परीक्षा पास झालेल्यांच्या छातीवर लावायचं पदक नव्हे. जिने पाळण्यात ऐकली, जिला तिच्यात ओरडा बसला, जिला तिच्यामुळे लाज वाटली, तिची ती आहे. लाज सुद्धा आपल्याच माणसांची वाटते, परक्याची वाटत नाही. ही गोष्ट मी व्यासपीठावरून चाळीस वर्षं सांगते आहे आणि माझ्याच घरात ती पोचली नाही. तुझ्या बापाला विचार. "शाळेत तिला हसतील" म्हणून त्याने घरात मराठी बंद केली. लहानपणी मला भोंगा म्हणायचा. भोंगा निदान ऐकू तरी जातो.

पानं बघितली. आईची खाट, तो हिरवा पडदा, औषधांचा ट्रे, सगळं जसंच्या तसं. पण फुगे रिकामे. अकरा पानांत सत्तावीस फुगे आणि एकातही अक्षर नाही. छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली. आमच्याकडे रिकाम्या चौकटीचा अर्थ एकच: मजकूर येणे बाकी. म्हटलं, पोरीला मराठीत लिहायचा धीर झाला नसेल. पेन उचललं आणि भरून टाकले. आई माझी होती, तिचं बोलणं मला माहीत नसेल तर कोणाला असेल?

शेवटच्या पानावरच्या तीन छोट्या फुग्यांत मिळून एकच मजकूर भरला आहे. वाच.

तुझी आत्या


११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पानं मिळाली. मी आधी शेवटचं पान काढलं. तुझं लाल अक्षर: "पोरी, मी आता फार दिवसांची नाही. घरदार राहील न राहील, त्याचं काही नाही. पण ही भाषा मला माझ्या आईने दिली, ती मी तुझ्या ओटीत घालते. ती जप. ती गेली तर आपण गेलो. जपशील ना?" आणि खाली माझा हो.

मी स्वयंपाकघरात उभ्याने चार वेळा वाचलं. तू खोलीत होतीस हे मला माहीत नव्हतं. दारामागे असशील. बावीस वर्षं मी हे शोधत होते आणि ते तुझ्याकडे होतं.

खरं म्हणजे फुगे मी मुद्दाम रिकामे ठेवले होते. त्या मुलीला जेवढं ऐकू येतं तेवढंच वाचणाऱ्याला दिसावं, म्हणून. मी ते तुला लिहायला हवं होतं. पण आता रिकामे कसे ठेवू? मी शेवटचं पान नव्याने काढलं, शाईने, तुझे शब्द घालून.

एक गोष्ट मात्र जमत नाही. मला आजीचे शब्द आठवत नाहीत, पण बोलणं किती लांब होतं ते आठवतं. छोटं बोलायची, मग श्वास, मग परत छोटं. मी फुगे त्याच मापाने काढले होते. तुझा मजकूर बसवायला मला फुगा उशीपासून खिडकीपर्यंत न्यावा लागला. पडदा झाकून गेला. आणि मी एकदा नाही, तीन वेळा हो म्हणाले होते. तीन वेळा, हे पक्कं. तुझ्या मजकुरात एकच हो लागतो. बाकीचे दोन कुठे बसवू?

दुसरी गोष्ट जमत नाही ती माझी मलाच. मी वचन दिलं आणि मोडलं. नुसतं मोडलं नाही, काय मोडतेय हेही माहीत नव्हतं. अशा माणसाने पुस्तक करावं का?

तुझी भाची


२ मार्च

प्रिय रेघोटी,

उशीर झाला, सभांची गडबड होती. घाईत चार ओळी.

तीन हो वगैरे सोडून दे. लहानपणीच्या आठवणी अशाच असतात, एकाचे तीन होतात. मजकूर आहे तसा राहू दे, पडदा थोडा झाकला तर बिघडत नाही.

गेल्या रविवारी भाषा मंडळाच्या सभेत मी तुझी गोष्ट सांगितली. नाव अर्थातच घेतलं नाही. नऊ वर्षांची परदेशी वाढलेली मुलगी, खाटेवरची आजी, ते मागणं आणि तो हो. तीनशे माणसं होती. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पुढच्या रांगेतल्या एका बाई पदराने डोळे पुसत होत्या. अध्यक्ष म्हणाले, "ताई, ही गोष्ट शाळाशाळांतून सांगायला हवी."

तेव्हा वचन मोडलं वगैरे मनात आणू नकोस. पुस्तक करते आहेस म्हणजे वचन पाळतेच आहेस. असा अर्थ घे आणि पुढे चल.

तुझी आत्या


२० मार्च

प्रिय आत्या,

मी असा अर्थ घेऊन बघितला. दहा दिवस बघितला. चालत नाही.

मी आता काढायला बसले की आजी विचारते, "जपशील ना?" आणि मी नऊ वर्षांची नसते, एकतीसची असते. दुकानात मागे कोणी मराठी बोललं की मी दुसऱ्या रांगेत जाते. मला ओळखतील आणि बोलायला लावतील म्हणून. वर्गातल्या बाई प्रश्न विचारतात तेव्हा मी वहीत बघते. हे जपणं नाही. आधीचं पुस्तक हसरं होतं, आत्या. त्यात मी फोनवर "हं" चे सतरा प्रकार काढले होते, प्रत्येकाला वेगळी भुवई. आता प्रत्येक पानावर ती मुलगी गुन्हेगारासारखी दिसते. मी तशी काढत नाही, पण ती तशी येते.

संपादिकाबाईंना महिनाअखेर कळवणार आहे की पुस्तक होणार नाही.

बाबांना मी काही सांगितलं नाही. ते विचारत होते, "आत्याचं काय पत्र?" मी म्हणाले, सगळं ठीक.

तू रागावू नकोस. तू मला तिचे शब्द दिलेस. ते वाया गेले नाहीत, फक्त मला पेलले नाहीत.

तुझी भाची


२७ मार्च, कुरियरने

रेघोटी,

थांब. संपादिकाबाईंना काही कळवू नकोस. हे पत्र आधी वाच आणि मग मला हव्या त्या शिव्या घाल, येत नसतील तर शब्दकोशात बघून घाल.

मी त्या खोलीत नव्हते. दारामागेही नव्हते. त्या दुपारी मी एका सभेत भाषण करत होते, विषय होता "मायबोली आणि नवी पिढी". नवी पिढी माझ्या घरी स्टुलावर बसली होती आणि मी तिच्यावर टाळ्या घेत होते. आई तुला काय म्हणाली ते मला माहीत नाही. फुग्यातला मजकूर माझा आहे. आईचा त्यात एक शब्द नाही.

का लिहिलं? पहिल्यांदा लाल पेन लावलं ते सवयीने. रिकामी जागा मला बघवत नाही, कागदावरची नाही आणि सभेतली तर नाहीच. पण तू विचारलंस, "दोन हो कुठे बसवू", तेव्हा मला कळलं होतं की तू ते आईचेच शब्द धरलेस. तेव्हा मी सवयीने गप्प बसले नाही. भीतीने बसले, कारण तोवर व्यासपीठावरून ते सांगून झालं होतं. तुला ते पत्र लिहायचं मी टाळत राहिले आणि त्याला सभांची गडबड म्हणाले.

परवापासून मी बसून आठवते आहे. आई काय म्हणाली असेल ते नाही, आई काहीही काय म्हणायची ते. तिचं एक वाक्य, जसंच्या तसं. तिच्या घरात मी पन्नास वर्षं राहिले. मला तिचा ताप आठवतो, तिचा चष्मा आठवतो, तिला काय द्यायचं राहिलं ते आठवतं. वाक्य आठवत नाही. तुला भाषा येत नव्हती आणि तुला तिचे श्वास आठवतात. मला भाषा येत होती. माझ्या बोलण्याखाली तिचं बोलणं दबून गेलं.

तू काही मोडलेलं नाहीस. ते वचन कोणी मागितलंच नव्हतं.

आईची देखभाल करायला दिवसा एक सिस्टर यायच्या. उंच, कमी बोलणाऱ्या. त्या दुपारी त्या असणार, त्या कधी सुट्टी घ्यायच्या नाहीत. मी त्यांना शोधणार आहे. तू म्हणालीस तर.

आत्या


६ एप्रिल

आत्या,

पुस्तकाचं अजून कळवलेलं नाही.

मी खूप रागावले आहे. शब्दकोशात बघितलं, पण त्यात चांगल्या शिव्या नाहीत. मी बाबांना सगळं सांगितलं. ते हसायला लागले, मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "भोंग्याने कबूल केलं? लेखी?"

तू माझ्या आजीच्या तोंडात तुझं भाषण घातलंस. ती माझ्याशी एकदाच बोलली होती, तेवढंच माझ्याकडे होतं आणि त्यावर तू लिहिलंस.

शोध. आणि जे असेल ते लिही. काहीच नसेल तर काहीच नाही असं लिही. तिने हातरुमाल मागितला असेल तरी चालेल.

भाची


४ मे

प्रिय रेघोटी,

सापडल्या. आजारी माणसांना लागणाऱ्या वस्तूंचं छोटं दुकान चालवतात. काठ्या, वॉकर, पाठीला लावायच्या उशा. केस पांढरे झालेत, उंची तशीच आहे.

पहिल्या दिवशी मी गेले. त्यांनी स्टूल दिलं, चहा दिला. मी आईची आठवण काढली, तुझ्या पुस्तकाचं सांगितलं, मग भाषेचं, मग परिचारिकांच्या पगाराचं. दीड तासाने उठले. घरी येऊन पत्र लिहायला बसले आणि लक्षात आलं की मी त्यांना काही विचारलंच नव्हतं. हे तुला लिहिताना मला कसं वाटतंय ते तूच काढ, एका भुवईत.

दुसऱ्या दिवशी परत गेले. दारातच म्हणाले, "सिस्टर, आज मी बोलणार नाही." त्या म्हणाल्या, "बघू." मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि गप्प बसले. त्या गिऱ्हाईक करत होत्या. वीस मिनिटं गेली. जीभ अशी तडफडत होती की सांगता सोय नाही. मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या पोरीचं विचारायचंय ना? नात. स्टुलावरची."

पुढचं मी तिथेच त्यांच्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी माझ्या वाक्याचा अर्धा भाग काढून टाकला. तेव्हा हे तपासलेलं मुद्रित आहे:

"मी ट्रे आवरत होते. आजी पोरीला म्हणाल्या, कंटाळलीस ना माझ्यापाशी? पोरगी म्हणाली, हो. मला हसू आलं. म्हटलं, सरळ आहे. आजी म्हणाल्या, मग जा की खाली, पोरं खेळतायत. पोरगी म्हणाली, हो. बसूनच. आजी म्हणाल्या, जा गं, मी पडते जरा, जा. हो म्हणाली आणि हलली नाही. स्टुलाच्या कडा दोन्ही हातांनी धरून बसली. आजींनी मग डोळे मिटून घेतले, झोपल्याचं सोंग. दर दोन मिनिटांनी एक डोळा उघडून बघायच्या, गेली का. तासभर चाललं होतं ते. पोरगी काही गेली नाही."

मी विचारलं, इतक्या वर्षांनी इतकं कसं लक्षात राहिलं? त्या म्हणाल्या, "रोज ऐकत होते की. शेवटपर्यंत सांगायच्या. जो येईल त्याला. तीनदा जा म्हटलं, तीनदा हो म्हणाली आणि माझ्यापाशीच बसली. इतका हट्ट आमच्यात अजून एकीचाच, माझ्या लेकीचा. असं म्हणायच्या आणि खूश व्हायच्या." मग एक काठी जागेवर ठेवत, "तुम्हालाही सांगितलं असणार, ताई. पण तुम्ही आलात की तुमचंच सुरू व्हायचं."

सांगितलं होतं. आता आठवतं. "अगं, ती पोरगी" एवढं तिचं वाक्य मला आठवतं. पुढचं मी ऐकलं नाही. मला निघायचं होतं.

तर हे असं आहे. तू काही कबूल केलं नाहीस. आईने तुला मोकळं केलं होतं आणि तुला ते कळलं नाही म्हणून तू राहिलीस. तिचे तीन महिने त्यावर गेले.

एक विचारायचं आहे. वीस जूनला मंडळाची सभा आहे. खोटी गोष्ट मी जिथे सांगितली तिथेच ती परत घ्यायची आहे आणि खरी सांगायची आहे. गोष्ट तुझी आहे, तेव्हा परवानगी तुझी. अध्यक्षांना कळवलंय. ते म्हणाले, "पण ताई, पहिली जास्त परिणामकारक होती." मी म्हटलं, म्हणूनच.

तुझी आत्या


२६ मे

प्रिय आत्या,

हे पत्र एका बैठकीत लिहिते आहे. चुका असतील. परत पाठवू नकोस.

सांग. माझी परवानगी आहे. पण पाच मिनिटांत, आणि टाळ्यांसाठी मध्ये थांबायचं नाही.

शाईचं पान मी फाडलं. प्रकरण पुन्हा काढलं. आधी होतं तसंच, मुलीच्या बाजूने: खाट, पडदा, शेवटी तीन छोटे रिकामे फुगे, आणि आता त्यांच्याखाली तीन हो. त्याच्या पुढच्या पानावर तीच खोली, पण उशीवरून. आजीला दिसते तशी. तिथे तिन्ही फुगे भरलेले. हे पान काढताना माझी पंचाईत झाली. आजवर मी ती मुलगी नेहमी पाठमोरी किंवा कडेने काढत होते. उशीवरून तिचा चेहरा समोर येतो. तो कसा होता ते मला माहीत नाही, मी त्याच्या आत होते. नऊ वेळा काढला. पहिले आठ सगळे अपराधी दिसतात. मग मला आठवलं की मी आजीकडे का बघत होते. तिच्या डाव्या डोळ्याची पापणी हलत होती आणि मला वाटत होतं, ही झोपलेली नाही. मला ते गमतीचं वाटलं होतं. मी उठले नाही त्याचं कारण भीती होतं असं मी बावीस वर्षं धरून चालले. भीती होती, पण पहिली दहा मिनिटं. नववा चेहरा तसा आला. त्यावरून आता बाकीच्या पानांतले चेहरेही बदलते आहे. "हं" चे सतरा प्रकार पुन्हा घातले, त्यांत अठराव्याची भर घातली, तो तुझा आहे, दुकानातल्या स्टुलावरचा.

संपादिकाबाईंनी विचारलं, मराठी फुग्यांखाली इथल्या भाषेत अर्थ द्यायचा का? मी म्हणाले, नको. ज्याला कळेल त्याला कळेल. ज्याला कळणार नाही तो स्टुलावर बसेल. त्यांनी मान्य केलं. जूनअखेर पानं जातील.

रविवारी बाबा आले. ते पान टेबलावर वाळत होतं. ते चष्मा लावून वाकले आणि मोठ्याने वाचायला लागले. त्यांना माहीत नसावं की ते मोठ्याने वाचत आहेत. "कंटाळलीस ना माझ्यापाशी?" बाबांचा मराठी आवाज वेगळा आहे, आत्या. जरा वरचा, जरा लहान. या आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "मग जा की खाली, पोरं खेळतायत." मग ते थांबले आणि तिसरा फुगा वाचताना कागदाकडे बघत नव्हते.

"जा गं," ते म्हणाले, "मी पडते जरा, जा."

मला सगळं कळलं. मी हो म्हणाले, खुर्ची ओढून घेतली आणि त्यांच्याजवळ बसले.

तुझी
रेघोटी